मोहाच्या दिवसांतलं अस्वल

आमच्या भद्रावतीत कॉलनीच्या भिंतीपलीकडे मोहाचं एक झाड उरलं आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा ते कसं सुटलं कोणास ठाऊक. वर्षभर त्याच्याकडे कुणी पाहत नाही. मार्च सरत आला की एका पहाटे त्याचा वास खिडकीतून आत येतो आणि मी अंथरुणात उठून बसतो. गोड, जरासा आंबूस, बंद कोठीचं झाकण उघडावं तसा वास. शेजारच्या बाई दरवर्षी न चुकता म्हणतात, "नालीत काही सडून राह्यलं वाटते, भाऊ." मी त्यांना काही सांगत नाही. हा वास लहानपणापासून नाकात नसेल तर तो नालीचाच वाटतो.

माझी नोकरी अहेरीकडच्या जंगलात गेली, वनपाल म्हणून. त्या मुलखात मोहाचा हंगाम येतो तेव्हा पानं गळून गेलेली असतात, जमीन तापलेली असते, नाल्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त असते. अशा उजाड दिवसांत हे झाड फुलतं. मोह तोडायचा नसतो, तो पडू द्यायचा असतो. पहाटे पहाटे एक एक फूल सुटतं आणि खाली पडतं, टप्. मग दुसरं. उजाडेपर्यंत झाडाखालची झाडून ठेवलेली जमीन फिकट पिवळ्या, रसरशीत मण्यांनी भरून जाते. उन्हं चढायच्या आत वेचावं लागतं, नाहीतर गाई येतात, हरणं येतात, अस्वलं येतात. म्हणून माणसंच झाडाखाली राहायला जातात. डहाळ्यांचा आडोसा, एक मडकं, दोन टोपल्या, मागोमाग आलेला कुत्रा. गावात उरतात म्हातारी माणसं आणि वाळत घातलेली फुलं. कोण कुठल्या झाडाखाली आहे हे बाहेरच्या माणसाला शोधून सापडत नाही.

हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी जुईला तिथं नेलं.

जुई माझी नात. शुभांगीची मुलगी. तेव्हा आठ वर्षांची होती.

शुभांगीचं लग्न मी ठरवलं होतं. मुलगा वणीकडचा, निखिल. आईवडील लवकर गेलेले, स्वतःच्या हिमतीवर शिकून हॉलंडमध्ये नोकरीला लागलेला. "बाप्पा, जावई तं लाखात एक भेटला तुमाले," असं लोक म्हणायचे आणि मी मान हलवायचो, जणू त्याला मीच घडवला. त्या दोघांचं कुठं फाटलं ते मला आजही नीट माहीत नाही. दारू नव्हती, मारहाण नव्हती. "आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो, बाबा," एवढंच शुभांगीनं सांगितलं. एवढ्याशा कारणानं माझी मुलगी लेकराला घेऊन परत येते हे मला पचेना. मला त्याचा मोठा अपराध हवा होता. तो मिळाला नाही, म्हणून मी मनानंच एक तयार केला आणि पुढं त्यावर माझाच विश्वास बसला.

तिकडच्या कोर्टानं मुलगी आईकडे दिली, भारतात नेण्याची मुभा दिली. बापाला वर्षातून एकदा भेट आणि दर रविवारी फोन. पण तिकडचा कागद इकडं नुसता दाखवून चालत नाही. इथल्या कोर्टात पुन्हा मागावं लागतं, पुन्हा सिद्ध करावं लागतं की आपण बाप आहोत आणि आपल्याला लेकरू बघायचं आहे. निखिलनं ते केलं. रजा काढून विमानानं यायचा, चंद्रपूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मांडीवर पिशवी घेऊन बसायचा. पिशवीत जुईसाठी काहीतरी असायचं. मी वकिलाला सांगायचो, मुलीला ताप आहे. पुढची तारीख पडायची. तो उठायचा, माझ्यासमोर यायचा, वाकून नमस्कार करायचा, "बाबा, येतो मी," म्हणायचा आणि पिशवी माझ्या हातात द्यायचा. ती मी घरी आणायचो. कपाटावर ठेवायचो. नंतर कधीतरी जुईला द्यायचो, कुणी दिली ते न सांगता.

रविवारी शुभांगीची दवाखान्यात ड्युटी असायची, त्यामुळं फोन माझ्याच मोबाईलवर यायचा. बऱ्याचदा मी तो उचलायचो आणि म्हणायचो, "आवाज तुटून राह्यला, निखिलराव. इकडं रेंज नाई." समोरच्या गच्चीवर टॉवर होता. फोन ठेवताना मला तो दर वेळी दिसायचा.

शेवटी हुकूम झाला. एप्रिलमध्ये त्याला सुट्टी मिळेल तेव्हा त्यानं यावं, आमच्या घरी मुलीला भेटावं, पुढचे काही दिवस सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणून सोडावं. मुलीचा पासपोर्ट कोर्टात जमा. तिला पळवून नेण्याची काही सोयच नव्हती. तरी मी म्हणत राहिलो की तो नेईल. शुभांगी त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला म्हणाली, "भेटू द्या ना, बाबा. नवरा मी सोडला. तिनं थोडाच बाप सोडला?"

मी हो म्हणालो. तो यायच्या तीन-चार दिवस आधी, शुभांगी ड्युटीवर असताना, मी जुईचे दोन कपडे पिशवीत भरले आणि अहेरीच्या बसमध्ये बसलो. शेजारी सांगून ठेवलं, नातीला जंगल दाखवून आणतो; शुभांगीलाही फोनवर तेच, तो यायच्या आत परततो म्हणून.

लालसूभाऊ माझ्या नोकरीच्या काळापासूनचा दोस्त. अहेरीपासून आत, नाल्याच्या काठी त्याचं गाव. जातीनं गोंड, बोलण्यात फटकळ. मला पाहून म्हणाला, "फारिष्टर, रिटायर झाल्यावर मोह आठवला काय? नोकरीत असताना तं आमच्या टोपल्या तपासत होता." त्याची बायको चिन्नूबाई हसली. जुईला तिनं कडेवर घेतलं, आठ वर्षांच्या मुलीला, आणि जुईनं घेऊ दिलं. मी त्यांना काही सांगितलं नाही. कोर्ट नाही, हुकूम नाही, जावई नाही. हे मी इथं मुद्दाम लिहितो आहे, कारण निखिलला कितीतरी वर्षं वाटत होतं की ते गाव माझ्यासाठी खोटं बोललं. माझ्यासाठी गाव खोटं बोललं नाही. गावाला काही माहीतच नव्हतं.

ते पहिले दिवस फार सुंदर होते, हे लिहायलाही लाज वाटते. झाडाखाली चटई, डोक्यावर उघड्या फांद्या, फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके आणि मधूनच फुटलेली तांबूस पालवी. जुई अंधारातच उठून बसायची आणि कान देऊन ऐकायची. "आबा, पडलं. आबा, अजून एक." बोटं चिकट व्हायची, ती चाटायची. भाजलेल्या मोहाचा खमंग, जळका गोडवा तिच्या हातांना दिवसभर असायचा. त्या गावात प्रत्येक झाड कोणत्या ना कोणत्या घराचं. आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं, खोडाला गवताचा वेढा बांधलेला. सरकारच्या कागदावर ती सगळी झाडं सरकारची होती, आणि तो कागद सांभाळायचा पगार मी घेतला. पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचललं म्हणून भांडण झालेलं मी नोकरीत एकदाही पाहिलं नाही, कारण ते कुणी उचलतच नसे.

आमच्या झाडाच्या बाजूला एक झाड होतं, त्याच्या घरची माणसं मिरची तोडायला तेलंगणात गेली होती. फुलं पडत होती, उन्हानं तपकिरी होत होती. जुईला ते बघवेना. "आबा, वाया जाऊन राहिली ना. आपण घेऊ या?" चिन्नूबाईनं टोपलीतून मान वर न करता सांगितलं, "राहू दे, बाई. ते त्याइचं हाये." "पण ते तर इथं नाहीत." "नसन. तरी त्याइचंच."

मी ते ऐकलं आणि टोपली उचलून झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेलो.

निखिल आला तो भर दुपारी. शुभांगी ड्युटीवर, म्हणून भद्रावतीला घराला कुलूप पाहून, शेजाऱ्यांना विचारून, बसनं अहेरीला आणि तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून. लालसूच्या गावात माझी जुनी ओळख आहे हे त्याला लग्नाच्या वेळेपासून माहीत होतं; माझ्याच तोंडून किती वेळा ऐकलेलं. आम्ही गावामागच्या चढावर होतो. तिथून लालसूचं अंगण सरळ खाली दिसतं. धुळीनं पांढरे झालेले बूट घातलेला माणूस अंगणात उभा होता, हातात प्लास्टिकच्या पाकिटात कागद. लालसूच्या म्हाताऱ्या आईला तो काहीतरी दाखवत होता. मोहाच्या दिवसांत, दारूबंदीच्या जिल्ह्यात, बूट घातलेला माणूस कागद घेऊन दारात उभा राहतो तो कशासाठी, याचा त्या गावाला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. म्हातारीनं मान हलवली. बाजूच्या घरातून एक माणूस आला, त्यानंही हलवली. लालसू स्वतः फुलं घेऊन खाली गेला होता, तोही समोर गेला आणि तसाच उभा राहिला. त्यांचे शब्द मला ऐकू येत नव्हते, पण ठाऊक होते. मालूम नाई. इथी कोनी नाई. ते धाडीपासून आपला मोह वाचवत होते.

मग निखिल अंगणाच्या कडेला आला, चढाकडे तोंड केलं आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला. "जुई!" परत, "जुई! बेटा!"

जुईनं मान वर केली.

मी तिला जवळ ओढलं, खोडाआड बसवलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. "चूप. अस्वल आलं आहे." तिचं काळीज माझ्या मनगटावर धडधडत होतं. "हलू नको. आवाज करशील तर इकडं येईल." तो ओरडत होता, थांबत होता, पुन्हा ओरडत होता. मोटारसायकलवाला घाई करत असावा, कारण हॉर्न वाजला. मग आवाज लांब गेला. मी हात काढला तेव्हा तिच्या गालावर माझ्या बोटांचे वळ होते आणि डोळ्यांत भीतीपेक्षा कौतुक जास्त होतं. तिनं अस्वलाला फसवलं होतं.

संध्याकाळी तिनं ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. लालसू हसायला लागला. "अस्वल आलं तं आमी बोंबलतो, बाई. डबे वाजवतो. चूप कोन राह्यते?" मग त्याचं हसू थांबलं. तो माझ्याकडे बघत राहिला. जुई झोपल्यावर त्यानं विचारलं, "दुपारी आलता तो मानूस कोन होता, भाऊ? आमी धाडवाला समजलो, पन पोरीचं नाव काऊन घेत होता?"

मी सांगितलं.

लालसू उठून उभा राहिला. मग म्हणाला, "बाप होता? पोरीचा बाप?" आणि मग, "मले काऊन नाई सांगतलं? मी त्याले मडक्यातलं पानी बी नाई इचारलं. एवढ्या उन्हात आलता तो." त्याचा आवाज चढला. "माह्या अंगनातून मानूस तहानलेला गेला, फारिष्टर. तुह्या पायी गेला." मग हळू आवाजात, "आज अहेरीलेच राह्यला असन तो. पयली बस सकाळी हाये. पोरीले घे, मी पोहोचवून देतो."

"पाहू," मी म्हणालो.

सकाळी मी टोपली घेऊन झाडाखाली गेलो. लालसू सायकल काढून अंगणात उभा होता. तो किती वेळ उभा होता ते मी पाहिलं नाही. त्यानंतर त्या गावी मी कधी गेलो नाही, आणि लालसू वारल्याचं मला खूप उशिरा कळलं.

निखिलची सुट्टी संपल्यावर आम्ही घरी परतलो आणि जुईला सांगितलं, बाबांना सुट्टी मिळाली नाही. निखिलनं शुभांगीला फोनवर सगळं सांगितलं होतं, आपण गावापर्यंत कसे गेलो, हाका कशा मारल्या. शुभांगीनं मला समोर बसवून विचारलं. मी म्हणालो, "तिकडं कोणी आलं नाई. गावाले विचार." गावाला विचारायला ती जाणार नव्हती, हे मला माहीत होतं. आधीच त्याच्यावरचा विश्वास पातळ झालेला. तिनं माझं मानलं. बापाचं न मानून नवऱ्याचं मानायचं, एवढं बळ तेव्हा तिच्यात नव्हतं, आणि ते नव्हतं याचा मी फायदा घेतला.

हुकूम मोडला म्हणून निखिल पुन्हा कोर्टात जाऊ शकला असता. गेला नाही. एक हुकूम मिळवायला त्याची एवढी वर्षं गेली होती. तो हुकूम खरा करायला पुन्हा तेवढीच जाणार, तोवर मुलगी मोठी होणार. समुद्रापलीकडून माणूस किती वेळा व्हरांड्यात येऊन बसेल? त्याचे फोन येत राहिले. मग एक वेळ अशी आली की मला रेंजचं कारण सांगावंच लागलं नाही. जुई स्वतःच म्हणायची, "नको, आबा. त्यांना यायचं नसतं, नुसतं बोलायचं असतं." तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असेल. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. आज तो हात मला बघवत नाही.

आता जुई नागपूरला शिकते. या वर्षी भिंतीपलीकडचा मोह पडायला लागला त्याच आठवड्यात ती घरी आली होती. जेवता जेवता सहज म्हणाली, "त्यांचा मेसेज आला आहे. नागपूरला येऊन राहिले पुढच्या महिन्यात. भेटशील का म्हणून विचारलं." शुभांगी ताटाकडे बघत राहिली. आता कोर्टाचा हुकूम कुणावरच चालत नाही. मुलगी सज्ञान आहे, तिची मर्जी हाच काय तो हुकूम. "नाही लिहून टाकते," जुई म्हणाली. "आठ वर्षांची होते तेव्हा यायचं होतं. आता कशाला?"

शुभांगी ड्युटीला गेल्यावर मी जुईला समोर बसायला सांगितलं. कुठून सुरू करावं कळेना, म्हणून अस्वलापासून केलं.

ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "म्हणजे अस्वल नव्हतंच?"

"नव्हतं."

"मी ती गोष्ट हॉस्टेलमध्ये सगळ्यांना सांगितली, आबा. दर वेळी सांगते मी ती." तिचा चेहरा लहान होत गेला. "कोणीतरी ओरडून राहिलं होतं. मला अजून आठवते. मला वाटे, लोक अस्वलाला हाकलून राहिले. ते माझं नाव होतं?"

"हो."

ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी आणता आलं असतं. तिनं फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यासमोर धरला. "तुम्हीच सांगा त्यांना. मी नाही सांगणार."

संध्याकाळी मी शुभांगीलाही सांगितलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही. सकाळी ताट वाढून झाकून ठेवते आणि निघून जाते. पण ते नंतरचं. त्या दुपारी माझ्या कानाशी फोन होता आणि पलीकडं निखिल होता. मी सगळं सांगितलं. खोड, हात, अस्वल, लालसूची सायकल. तो मध्ये एकदाही बोलला नाही. मला वाटलं फोन कटला, खरंच रेंज गेली. मग त्याचा आवाज आला, शांत, थकलेला, वणीकडचा हेल अजून तसाच.

"तिची चप्पल पाहिली होती मी अंगणात, बाबा. छोटी. म्हणून तर हाका मारल्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "कशी दिसत होती ती त्या दिवशी? फ्रॉक कोणता होता? केस मोकळे होते का वेणी होती?"

मी डोळे मिटले. सगळं समोर आलं. फुलांवर चढलेल्या मुंग्या, टोपलीचा उसवलेला काठ, मानेवर भाजणारं ऊन. खालच्या अंगणातला तो. त्याचा निळा शर्ट, पाठीवर घामानं काळा पडलेला. हाका मारून झाल्यावर त्यानं खांद्याला पुसलेलं तोंड. त्याचं सगळं आठवत होतं. तिचं काही आठवेना. ती माझ्या कुशीत होती आणि मी सगळा वेळ त्याच्याकडे पाहत होतो.

जुई समोर उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. फ्रॉक पिवळा म्हटलं असतं तर त्यानं पिवळा धरला असता आणि जन्मभर जपला असता.

"आठवत नाही, निखिलराव," मी म्हणालो.